जुनी आवृत्ती, नवी आवृत्ती आणि मधला अर्धा तास

१ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांच्या सौद्यांसाठी एक नवी योजना सुरू होणार होती. तिच्यासाठी नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने सौदे बाजारात पाठवणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये बदल केला होता. हे सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चालायचं. जुलैच्या अखेरीस नवा कोड एकेका सर्व्हरवर चढवला गेला. सातांवर तो पोचला, आठव्यावर राहून गेला. दुसऱ्या कोणी पडताळून पाहिलं नाही, कारण तसं पाहावं असा लेखी नियमच नव्हता. आठव्या सर्व्हरवर 'पॉवर पेग' नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला कोड अजून पडून होता. आणि नव्या कामासाठी जो फ्लॅग निवडला होता, तोच एकेकाळी या पॉवर पेगला चालू करायचा.

बाजार उघडला. सात सर्व्हर फ्लॅगचा नवा अर्थ लावत होते आणि आठवा जुना. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींपोटी ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये सुमारे ४० लाख सौदे झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरचा फटका बसला. गोंधळात 'दुरुस्ती' म्हणून सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला गेला. मग तेही जुनाच अर्थ लावू लागले. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने ९७ ईमेल पाठवले होते आणि त्यांत पॉवर पेगचं नाव होतं. पण ते इशारे म्हणून बघायची पद्धत नव्हती. अमेरिकी बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये कंपनीला १.२ कोटी डॉलरचा दंड केला, आणि हा सगळा तपशील त्या आदेशातच नोंदलेला आहे.

यावरून बहुतेक जण एकच धडा घेतात की कोड हाताने चढवू नये, यंत्राकडून चढवून घ्यावा. धडा बरोबर आहे, पण अर्धा. यंत्राने चढवला असता तरी आठही सर्व्हर एकाच क्षणी बदलले नसते. काही वेळ थोडे नवे, थोडे जुने असेच चालले असते, आणि तेवढ्यात तो फ्लॅग लावलेली एक जरी ऑर्डर आली असती तरी तिचे दोन अर्थ लागले असते. म्हणून अनेक थरांच्या सॉफ्टवेअरचं डिप्लॉयमेंट ऑटोमेट करायला निघालेल्या टीमला मी सांगतो, टूल निवडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर काढा: आपली जुनी आणि नवी आवृत्ती अर्धा तास शेजारी शेजारी नांदू शकते का? उत्तर 'हो' असेल तर पुढचं काम कष्टाचं असलं तरी सरळ आहे. 'नाही' असेल तर ऑटोमेशनने बिघाडच जास्त वेगाने पसरेल.

पुढचं सगळं वाचताना एक नेहमीची रचना डोळ्यांसमोर ठेवा. विमा कंपनीचं पॉलिसीचं सॉफ्टवेअर आहे. पुढे लोड बॅलन्सर, त्यामागे सहा ॲप्लिकेशन सर्व्हर, मधे मेसेज क्यू आणि कॅश, रात्री चालणारे बॅच जॉब, तळाला ओरॅकल किंवा पोस्टग्रेसचा डेटाबेस. शिवाय बँकेकडे जाणाऱ्या फाइल आणि एसएमएसची जोडणी. पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत अशी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या शेकडो टीम आहेत. ग्राहक अमेरिकेत असतो, तिथली शुक्रवारची रात्र म्हणजे आपली शनिवारची सकाळ, आणि ब्रिज कॉलवर पंधरा-वीस माणसं एक एक्सेल शीट उघडून बसलेली असतात.

आधी खरं काय चालतं ते लिहा

त्या एक्सेल शीटपासून सुरुवात करा, पण तिच्यावर विश्वास ठेवू नका. रिलीज खरोखर जो करतो त्याच्या शेजारी बसा आणि तो प्रत्यक्षात काय काय करतो ते टिपा. शीटमध्ये 'ॲप सर्व्हर रीस्टार्ट करा' एवढंच असतं. त्याला मात्र ठाऊक असतं की चौथ्या सर्व्हरची लायसन्स फाइल वेगळी आहे, कॅश रिकामी केल्याशिवाय नवे प्रीमियमचे दर दिसत नाहीत, आणि अमुक बॅच जॉब चालू असताना डेटाबेसला हात लावायचा नसतो. ही माहिती त्याच्या डोक्यात आहे तोवर कोणतंही टूल उपयोगाचं नाही. याला तीन-चार रिलीज गेल्या तरी जाऊ द्या. या कामात मी पाहिलेल्या टीम बहुधा इथेच घाई करतात आणि नंतर त्याची किंमत मोजतात.

टिपताना प्रत्येक पायरीला एक कसोटी लावा: ही पायरी चुकून दोनदा चालली तर काय होईल? स्क्रिप्ट मधेच थांबणार, हे गृहीत धरा. नेटवर्क तुटतं, डिस्क भरते, पासवर्डची मुदत संपते. थांबलेली स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालवता आली पाहिजे. 'या फाइलच्या शेवटी ही ओळ जोडा' अशी पायरी दोनदा चालली तर ओळ दोनदा येते. 'या फाइलमध्ये ही ओळ असू दे' अशी लिहिली तर कितीदाही चालवा, निकाल एकच. ॲन्सिबलसारख्या टूलची रचना याच विचारावर उभी आहे. पण त्यातच शेल कमांड कोंबून हा गुण घालवणारेही पुष्कळ आहेत, त्यामुळे टूल घेतलं म्हणून कसोटी सुटत नाही.

पहिली स्क्रिप्ट अशी लिहा की जी काहीच बदलत नाही. ती प्रत्येक सर्व्हरला, प्रत्येक जॉबला, डेटाबेसच्या स्कीमाला फक्त विचारते, 'तुझी आवृत्ती कोणती?' आणि उत्तरं एका तक्त्यात मांडते. यासाठी ॲप्लिकेशनमध्ये आवृत्ती सांगणारा एक छोटा पत्ता ठेवावा लागतो, आणि बिल्ड होतानाच आवृत्तीचा क्रमांक आत कोरावा लागतो. काही बदलत नसल्यामुळे अशा स्क्रिप्टला प्रॉडक्शनवर परवानगी लवकर मिळते. पहिल्यांदा चालवल्यावर तक्ता एकसारखा आला नाही तर नवल वाटू देऊ नका. कधी काळी कोणीतरी रात्री हाताने बसवलेला पॅच त्यात उघडा पडतो.

बिल्ड एकदाच

यूएटीसाठी एक बिल्ड आणि प्रॉडक्शनसाठी दुसरा, ही पद्धत ताबडतोब बंद करा. एकाच कोडमधून दोनदा बिल्ड केला तरी मधल्या काळात एखादी लायब्ररी बदललेली असू शकते. मग तपासलेली वस्तू वेगळी आणि चढवलेली वेगळी. बिल्ड एकदाच करायचा, त्याचा चेकसम नोंदवायचा आणि तीच फाइल टेस्टमधून यूएटीत, यूएटीतून प्रॉडक्शनमध्ये न्यायची. जिथे जे वेगळं असतं, म्हणजे डेटाबेसचा पत्ता, क्यूचं नाव, कनेक्शन पूलचा आकार, ते बिल्डच्या बाहेर कॉन्फिगमध्ये ठेवायचं, आणि हे कॉन्फिगही गिटमध्येच. पासवर्ड मात्र गिटमध्ये कधीही नाही. ते व्हॉल्टमध्ये ठेवायचे आणि डिप्लॉयमेंटच्या वेळी तिथूनच उचलायचे.

खरी कसोटी डेटाबेसची

ॲप सर्व्हर पुसून नवा उभा करता येतो. डेटाबेस पुसता येत नाही, कारण त्यात लोकांच्या पॉलिसी आहेत. ऑटोमेशनच्या बहुतेक योजना इथे येऊन अडतात आणि 'डेटाबेसचं डीबीए हातानेच करतील' असं ठरतं. मग पाच थर ऑटोमेट होतात आणि सहाव्यासाठी तोच ब्रिज कॉल चालू राहतो.

वाट आहे, पण ती एका रिलीजची नाही. समजा, ग्राहकाच्या तक्त्यातला मोबाइल नंबरचा कॉलम काढून त्याच्या जागी अनेक नंबर मावतील असा वेगळा तक्ता आणायचा आहे. एकाच रात्री जुना कॉलम काढलात की जुन्या आवृत्तीचे सर्व्हर त्या क्षणी कोसळणार, आणि नवी आवृत्ती फसली तर मागे जायलाही जागा नाही. म्हणून काम फोडा. पहिल्या रिलीजमध्ये फक्त नवा तक्ता तयार करा. कोणी तो वापरत नाही, म्हणून कोणाचं बिघडत नाही. दुसऱ्या रिलीजमध्ये ॲप्लिकेशन दोन्हीकडे लिहील, वाचेल मात्र जुन्यातून. मग जुन्या नोंदी हजार-दोन हजारांच्या तुकड्यांनी, दिवसाढवळ्या, हळूहळू नव्या तक्त्यात भरा आणि दोन्हींची जुळवणी करा. तिसऱ्या रिलीजमध्ये वाचन नव्याकडे वळवा. जुना कॉलम काढायचा तो त्यानंतर काही आठवड्यांनी, आधी त्यात लिहिणं थांबवून आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या टीमला आणि बँकेची फाइल काढणाऱ्या जॉबला विचारून. इंग्रजीत या पद्धतीला 'एक्स्पांड-कॉन्ट्रॅक्ट' म्हणतात. वेळ जास्त लागतो, मान्य आहे; पण जुना कॉलम काढेपर्यंत यातल्या कोणत्याही टप्प्यावर एक पाऊल मागे जाता येतं, आणि कोणत्याही टप्प्याला रात्री जागावं लागत नाही.

बदलाच्या स्क्रिप्ट फ्लायवे किंवा लिक्विबेसच्या हवाली करा. कोणती स्क्रिप्ट कधी चालली आणि तिचा चेकसम काय होता, याची नोंद ही टूल त्याच डेटाबेसमध्ये ठेवतात. एकदा चाललेली स्क्रिप्ट पुन्हा दुरुस्त करायची नाही; चूक सापडली तर नवी स्क्रिप्ट लिहायची. प्रत्येक फाइलमध्ये एकच बदल ठेवा, कारण ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये तक्त्याची रचना बदलणारं विधान चाललं की ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट होतं. पाच बदलांच्या फाइलमध्ये तिसरा फसला तर पहिले दोन परत फिरत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये असे बहुतेक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात, ही मोठी सोय आहे. पण इंडेक्स 'कन्करंटली' बनवायचा असेल, म्हणजे तक्त्यातलं लिहिणं न अडवता, तर तो ट्रान्झॅक्शनच्या बाहेरच चालवावा लागतो.

पोस्टग्रेसवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एखादा लांबलचक रिपोर्ट तक्ता वाचत असताना तुमचा रचनाबदल आला तर तो लॉकसाठी रिपोर्टच्या मागे थांबतो, आणि त्याच्यानंतर आलेली प्रत्येक क्वेरी त्याच्या मागे थांबते. बदल स्वतः काही मिलिसेकंदांचा असला तरी सगळी साइट ठप्प दिसते. यावर उपाय म्हणजे लॉकची वाट किती सेकंद बघायची याची मर्यादा घालायची, तेवढ्यात लॉक नाही मिळाला तर स्क्रिप्टने माघार घ्यायची आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. हे हाताने करायला फार कंटाळवाणं काम आहे. यंत्राला कंटाळा येत नाही.

बॅकअपबद्दल एकच सांगतो. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका इंजिनीअरने दुय्यम डेटाबेसची डिरेक्टरी पुसायला घेतली, पण तो होता मुख्य डेटाबेसवर. बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं की रोजचा बॅकअप कितीतरी काळ रिकामाच होत होता: डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा. तसं कळवणारे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट होता, म्हणून नुकसान सहा तासांच्या नोंदींवर थांबलं. गिटलॅबने हे सगळं स्वतः उघडपणे मांडलं, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. तुमच्या पाइपलाइनमध्ये 'बॅकअप घेतला' ही पायरी पुरेशी धरू नका. तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उभा करून चार मोजण्या जुळवणारा जॉब दर आठवड्याला आपोआप चालू द्या.

क्यू, बॅच आणि चालू असलेलं काम

मेसेजमध्ये नवं फील्ड घालायचं असेल तर आधी वाचणारा बदला, मग पाठवणारा. फील्ड काढायचं असेल तरीही आधी वाचणाऱ्याने त्यावर विसंबणं थांबवावं, मगच पाठवणाऱ्याने ते पाठवणं. वाचणाऱ्याने अनोळखी फील्ड दिसलं तर ते सोडून पुढे जावं, कोसळू नये, हा नियम सगळ्या टीममध्ये पक्का करा. क्यूमध्ये कालचे मेसेज आज वाचले जातात, त्यामुळे इथे जुनं आणि नवं अर्धा तास नाही, दिवसभरही एकत्र असू शकतं.

बॅच जॉबचं दुखणं वेगळं. रात्री अकराला सुरू झालेला जॉब पहाटे चारला संपतो, आणि त्याच्या पोटात मधेच आवृत्ती बदलली तर अर्ध्या पॉलिसींना जुना नियम आणि अर्ध्यांना नवा लागतो. डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टने जॉबच्या शेड्यूलरला विचारूनच पुढे जावं. जॉब चालू असेल तर थांबावं. लोड बॅलन्सरच्या बाबतीतही तेच. सर्व्हरला नवे ग्राहक देणं आधी बंद करायचं, चालू असलेली कामं संपू द्यायची, मग तो खाली घ्यायचा. वर आल्यावरही प्रोसेस जिवंत आहे एवढ्यावर त्याच्याकडे ग्राहक वळवू नका. डेटाबेसपर्यंत पोचतो का, क्यूला जोडला गेला का, एक लटकी पॉलिसी काढून दाखवतो का, हे स्क्रिप्टने तपासावं.

आधी एक, मग सगळे

सहा सर्व्हर असतील तर एकावर चढवा आणि थांबा. थांबणं ही पाइपलाइनमधली खरी पायरी आहे, तिला वेळ द्या. या वेळात सीपीयू आणि मेमरीबरोबर धंद्याचे आकडे बघा: मिनिटाला किती पॉलिसी निघताहेत, किती पेमेंट फसताहेत, नवा सर्व्हर आणि जुने सर्व्हर यांत फरक किती. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर पाइपलाइनने स्वतः मागे फिरावं. रात्री तीनला दमलेल्या माणसाकडून तो निर्णय मागू नये.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट टप्प्याटप्प्याने न जाता सगळीकडे एकदम गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन बंद पडल्या. कंपनीने अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतलं होतं. पण ज्या मशीन सुरूच होत नव्हत्या त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? माणसांना एकेका मशीनपाशी जावं लागलं. रोलबॅक लिहिताना हा प्रश्न स्वतःला विचारा: जे बिघडणार आहे, त्याच्याच आधारावर माझा रोलबॅक उभा नाही ना? आणि रोलबॅकचा सराव यूएटीत दर रिलीजला करा, फक्त सदोष रिलीजच्या वेळी नाही.

नवा कोड चढवणं आणि नवी सोय ग्राहकांना खुली करणं, या दोन घटना वेगळ्या ठेवता आल्या तर पुष्कळ ताण जातो. कोड मंगळवारी चढतो, फ्लॅग बंद असतो. गुरुवारी एका शाखेपुरता फ्लॅग चालू करून बघता येतो. मात्र फ्लॅगचं नाव पुन्हा कधीही दुसऱ्या कामाला वापरू नका, आणि काम झालं की फ्लॅग व त्यामागचा जुना कोड काढून टाकायची तारीख तेव्हाच टिकिटात लिहा.

टूलविषयी थोडक्यात

स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये लिनक्स सर्व्हर असतील तर ॲन्सिबल पुरतं; त्याला समोरच्या सर्व्हरवर कोणताही एजंट लागत नाही. क्लाउडवर सर्व्हर, नेटवर्क उभं करायला टेराफॉर्म. पाइपलाइन जेनकिन्सवर असो की गिटलॅबवर, फार फरक पडत नाही. कुबरनेटिस चांगलं आहे, पण जुनं सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये हलवणं आणि डिप्लॉयमेंट ऑटोमेट करणं ही दोन कामं एकाच वर्षी अंगावर घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरसाठी त्याच्याच साधनांचा आधार घ्या. सॅपमध्ये ट्रान्सपोर्ट असतात आणि त्यांचा क्रम चुकला की जुना बदल नव्यावर बसतो. वेबलॉजिकला स्वतःची स्क्रिप्टची भाषा आहे. त्यांना बगल देऊन थेट फाइल बदलल्या तर पुढच्या पॅचच्या वेळी विक्रेताही हात वर करतो.

परवानगी कोणाची?

बँका आणि विमा कंपन्यांमध्ये ऑटोमेशनला पहिला विरोध ऑडिटकडून येतो, आणि तो रास्त असतो. त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर द्या. मेकर-चेकरचा नियम पाइपलाइनमध्ये बसवता येतो: कोड लिहिणाऱ्याला स्वतःच्या बदलाला मंजुरी देता येत नाही, प्रॉडक्शनचा पासवर्ड कोणाच्याच हाती नसतो, आणि कोणी, कधी, कोणत्या चेकसमची फाइल, कोणाच्या मंजुरीने चढवली याची नोंद आपोआप राहते. एक्सेल शीटवरच्या हिरव्या खुणांपेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का आहे. ऑडिटच्या माणसाला यूएटीतल्या एका डिप्लॉयमेंटला शेजारी बसवा. माझ्या अनुभवात तिथून पुढे तोच तुमची बाजू मांडतो.

हे बसलं की रिलीज लहान करत आणा. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळे ग्राहक एकाच शनिवार-रविवारी नव्या प्रणालीवर नेले. १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यांत शिरता येईना, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला. तिमाहीला एक मोठी रिलीज असेल तर ती महिन्याला एक करा, मग पंधरवड्याला. बदल लहान असला की काय बिघडलं ते शोधायलाही वेळ लागत नाही.

शेवटी तातडीच्या दुरुस्तीची वाट. प्रॉडक्शन अडलं की 'आत्ता हाताने करून टाकू, नंतर गिटमध्ये घालू' असा आग्रह होतो, आणि तो 'नंतर' क्वचितच येतो. पुढची रिलीज ती दुरुस्ती पुसून टाकते आणि तोच बिघाड पुन्हा उगवतो. म्हणून तातडीसाठीही हीच पाइपलाइन ठेवा, फक्त आखूड: लांबच्या चाचण्या मागे ठेवता येतील, चेंज टिकिटाची कागदपत्रं दुसऱ्या दिवशी पूर्ण करता येतील. दुसऱ्या माणसाची मंजुरी, आधी एकच सर्व्हर आणि शेवटी सगळ्या आवृत्त्यांची जुळवणी या तीन गोष्टी मात्र गाळायच्या नाहीत. ही आखूड वाट पंधरा मिनिटांत संपत नसेल, तर कोणती पायरी किती वेळ खाते ते मोजा आणि पुढच्या महिन्याचं काम तिथून सुरू करा.